औताडे यांच्या सिंधीची मुदत

आपल्याकडील सिंधी भाषेचे कारण मयत झाल्याने ती एकतीस डिसेंबरपूर्वी जमा करावी, अशी नोटीस मुरलीधर औताडे यांना नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. पोस्टमनने सही घेतली. औताड्यांनी नोटीस उभ्या उभ्या वाचली, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिच्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नीट लिहिलेली नोटीस कळते.

नियम सगळ्यांना माहीत आहेत, तरी सांगतो. मातृभाषा आपली असते, तिला कुणी हात लावत नाही. दुसरी भाषा मात्र द्वितीय भाषा विभागाकडून मिळते, आणि ती कारणावर मिळते. अर्जात कारण लिहायचं, विभागाने ते तपासायचं, पटलं की भाषा सुरू होते. कारण जितकं खरं, तितकी ती लवकर बसते. कारण संपलं की भाषा परत जाते. म्हणून पेन्शनवाले जसा दर नोव्हेंबरात स्वतःचा हयातीचा दाखला देतात, तसा दुसरी भाषा बोलणाऱ्याला आपल्या कारणाच्या हयातीचा दाखला द्यावा लागतो.

ह्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. दहावीच्या परीक्षेचंच घ्या. पोरं सर्रास 'परीक्षा' हे कारण लिहितात आणि विभाग ते मंजूरही करतो. पण त्या भाषेच्या पेपराच्या दिवशी विभागाचा टेम्पो शाळेच्या फाटकाबाहेर उभा असतो आणि शेवटची घंटा झाल्यावर पाऊण तासात भरून निघून जातो. आमच्या गल्लीतल्या बोरुडे सरांच्या थोरल्याने परदेशी जायचं म्हणून फ्रेंच घेतली होती. व्हिसा नाकारल्याचं कळलं तेव्हा तो फ्रेंचमध्ये काहीतरी वाईट बोलायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. मी स्वतः एकदा बंगाली मागितली होती. कारणाच्या रकान्यात 'आवड' असं लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: 'आवड तपासली. आढळली नाही.' मला राग आला होता, पण मीही शोधून पाहिली तेव्हा सापडली नाही, हे कबूल करायला हवं.

औताड्यांचं कारण भक्कम होतं. त्याचं नाव लेखराज नाथानी.

नाथानींचं श्रीरामपुरात मेन रोडला सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि घर औताड्यांच्या घराला लागून. बावीस वर्षांपूर्वी औताड्यांनी दोन घरांच्या मध्ये कुंपणाची भिंत घातली. ती नऊ इंच आपल्या जागेत आली आहे, असं नाथानींचं म्हणणं पडलं. नाथानी मराठी उत्तम बोलत, गिऱ्हाइकाशी तर अगदी नगरी हेल काढून बोलत. पण खरा राग आला की ते सिंधीवर जात. त्या दिवशी ते भिंतीशी उभे राहून बराच वेळ सिंधीत बोलले. औताडे समोर उभे होते. त्यांना एक अक्षर कळलं नाही, आणि न कळलेल्या बोलण्याला उत्तर देता येत नाही. फाटकात उभा असलेला नाथानींचा मेव्हणा हसला. औताडे घरात आले, अर्ध्या ताटावरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी विभागाचं कुलूप निघायच्या आधी पायरीवर जाऊन बसले.

विभागाच्या नोंदीप्रमाणे पोटापाण्यासाठी घेतलेली भाषा बसायला सरासरी चौदा महिने लागतात. सुनेसाठी घेतलेली आठ-नऊ महिन्यांत बसते. औताड्यांची सिंधी अकरा आठवड्यांत बसली. बाराव्या आठवड्यात ते भिंतीशी गेले आणि नाथानींना हाक मारली.

तिथून पुढे ते रोज भांडले. गल्लीत कुणाची तक्रार नव्हती. सकाळी पाणी भरून झालं की सुरू होई आणि नाथानींची दुकानाला जायची वेळ झाली की थांबे. सुरुवात भिंतीपासून होई; मग घराणी, शिक्षण, एकमेकांचे जावई, सगळं निघे. नाथानींच्या बायको इंद्राबाई मधेच येऊन नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला देत आणि काही न बोलता आत जात. औताड्यांच्या सिंधीतल्या सगळ्या शिव्या नाथानींच्या होत्या. हेल त्यांचे, कुठल्या शब्दावर थांबून खाकरायचं तेही त्यांचंच. त्या भाषेत औताड्यांना समोरच्याच्या सात पिढ्या काढता येत, पण वाटीभर दही मागता आलं नसतं.

कारण जर माणूस असेल, तर त्या माणसाने स्वतः हजर राहून दाखल्यावर सही करायची असते. त्यामुळे दर नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी औताडे आपल्या स्कूटरवर नाथानींना मागे बसवून विभागात नेत. रांगेत दोघे भांडत. खिडकीतला कारकून विचारी, "भांडण चालू आहे ना?"

"चालू म्हणजे?" नाथानी मराठीत म्हणत. "ह्या माणसाला अक्कल यायचीय अजून. कुठं करू सही?"

येताना दोघे स्टँडसमोर भेळ खात. खाताना गप्प असत, कारण भांडणाखेरीज बोलण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं.

ह्या वर्षी भाद्रपदात नाथानी झोपेतच गेले. औताड्यांनी खांदा दिला, घरी येऊन अंघोळ केली आणि ओल्या डोक्याने भिंतीशी जाऊन उभे राहिले. पलीकडे कुणी आलं नाही. नोव्हेंबरचा पहिला सोमवार आला आणि गेला. मग ती नोटीस आली.

"द्या की मग परत," औताड्यांच्या बायको प्रमिलाबाई म्हणाल्या. "ह्या वयात काय करायचीय सिंधी? बोलणार कुणाशी?"

"मला कुणाशी बोलायचं नाही."

"मग?"

औताडे जरा वेळ नोटिशीच्या घड्या मोडत बसले. "तो त्यातच आहे गं," ते म्हणाले. "माझ्याशी तो इतकी वर्षं मराठीत बोललाच नाही. सिंधी गेली तर मला त्याचं नुसतं तोंड हलताना दिसंल. काय म्हणायचा ते कळायचं नाही."

प्रमिलाबाईंनी ह्यावर वाद घातला नाही. "हापिसात जाऊन विचारा तरी," त्या म्हणाल्या. "घरात बसून काय होतंय?"

विभागात तपासनीस रुकसाना तांबोळी बसल्या होत्या. वय तिशीचं, बोलणं हळू, हातात फाईल. औताड्यांनी नमस्कार केला आणि दुसरं कारण लावता येईल का, असं विचारलं.

"येईल की. काय लावू?"

"शेजारधर्म. त्यांच्या मंडळी आहेत, इंद्राबाई. एकट्या असतात. त्यांची खुशाली विचारायला."

"कारण चांगलं आहे, काका. पण नवीन कारण म्हणजे नवीन अर्ज. आधीची भाषा जमा होणार आणि तुम्हाला खुशालीची सिंधी मिळणार. चाळीस वाक्यं असतात. दही मागता येईल."

"शिव्या?"

"खुशालीच्या भाषेत शिव्या कशा देईल विभाग?"

"मग ती लेखराजची सिंधी नाही."

"नाही. त्यांची वर पाठवावी लागते, पुण्याला."

"तिथं काय करतात तिचं?"

"ठेवतात," तांबोळी म्हणाल्या.

तांबोळींनी फाईल मागे मागे चाळत नेली आणि तळातला पिवळा पडलेला अर्ज वर काढला. बराच वेळ त्या तो वाचत होत्या.

"आमच्या रजिस्टरला तुमचं कारण 'भांडण' असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तो गोषवारा झाला. मूळ अर्जात भांडण हा शब्दच नाही. तुम्ही लिहिलंय, 'लेखराज नाथानी काय म्हणतो ते कळावे व त्याला उत्तर देता यावे.' आम्हाला मूळ अर्ज धरावा लागतो. ते जे जे म्हणाले ते कळलं तुम्हाला?"

"कळलं."

"सगळ्याला उत्तर दिलं?"

औताड्यांनी खिडकीबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "एक राहिलं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. नाथानी जायच्या दोन दिवस आधी सकाळी भिंतीशी आले. त्या दिवशी ते हळू बोलले. म्हणाले, औताडे, भिंत तुझ्याच जागेत आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग तुम्ही?"

"माझं तोंडच बंद झालं, बाई. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तसाच घरात गेलो. म्हटलं, ह्याच्याकडं उद्या बघतो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही भिंतीशी. तिसऱ्या दिवशी गेलाच."

"उत्तर तयार आहे का आता?"

"तयार तेव्हाही होतं." औताड्यांनी आवाज खाली आणला. "भिंत त्याच्याच जागेत आहे. मी कालव्याची मापं काढणारा माणूस. बांधली त्याच आठवड्यात स्वतः टेप लावला होता मी. नऊ इंच. एक सूत इकडं नाही का तिकडं नाही."

तांबोळींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. "मग कारण मयत नाही, प्रलंबित आहे," त्या म्हणाल्या. "उत्तर दिलं जात नाही तोवर भाषा तुमच्याकडे राहील. दिलं की त्या क्षणी जमा."

"माणूस गेला. देणार कुणाला?"

"वारसाला देता येतं. वारसाने मागितलं तरी द्यायचं का नाही, ते तुम्ही ठरवा, विभाग सक्ती करत नाही. देणार असाल तर मात्र आधी कळवा. पंचनाम्याला यावं लागतं मला."

औताडे हलक्या पावलांनी घरी आले. उत्तर न देणं हे त्यांना अवघड वाटलं नाही. नोकरीत त्यांनी पाण्याच्या पाळीबद्दलचे कित्येक अर्ज सात-सात वर्षं प्रलंबित ठेवले होते, आणि तेही जिवंत माणसांचे. रोज सकाळी ते भिंतीशी जात आणि तोंडातल्या तोंडात नाथानींच्या चार शिव्या म्हणून घेत. खाकरायच्या जागी खाकरत. मग आत येऊन चहा पीत. नाथानींच्या मागे त्यांचा तसा बरा वेळ चालला होता.

डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी इंद्राबाईंनी त्यांना भिंतीपलीकडून हाक मारली. त्या औताड्यांशी आजवर कधी बोलल्या असतील तर हिंदीत, तेही दिवाळीला. आज सिंधीत बोलल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. ताट पुढ्यात घेऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, मी औताड्याला सांगून टाकलं, भिंत त्याच्या जागेत आहे. पण तो काही बोललाच नाही. मी म्हटलं, जेवा आता. तर म्हणाले, तो उत्तर देईल, उत्तर दिल्याशिवाय राहणारा माणूस नाही तो. दोनदा उठून भिंतीशी बघून यायला लावलं मला. तुम्ही काय उत्तर देणार होतात?"

औताड्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. "सांगतो," एवढंच म्हणाले आणि घरात आले.

दोन दिवस ते भिंतीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक वही घेतली आणि नाथानींचं बोलणं देवनागरीत उतरवून ठेवायला बसले. दोन पानं झाल्यावर त्यांनी ती मिटली. मी जवळच होतो, म्हणून विचारलं, काय झालं? ते म्हणाले, खाकरणं लिहिता येत नाही.

संध्याकाळी प्रमिलाबाई भाजी निवडत होत्या. औताडे त्यांच्यासमोर येऊन बसले.

"तिनं मागितलंय उत्तर," ते म्हणाले.

"देऊ नका. तुम्हाला सक्ती नाही म्हणाल्या ना त्या बाई?"

"माणूस माझ्या उत्तराची वाट बघत गेला, प्रमिला. उपाशी. आन् मी ते दाबून बसलोय, का, तर मला त्याच्या शिव्या आठवाव्यात म्हणून. मला लाज वाटते."

"सिंधी जाईल."

"जाईल."

प्रमिलाबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि फोनची वही काढून दिली. विभागाचा नंबर औताड्यांनीच लावला.

तांबोळी एकोणतीस तारखेला सकाळी आल्या. पंच म्हणून मी आणि बोरुडे सर. तांबोळींच्या पिशवीत पंचनाम्याचे कागद, लाखेची कांडी आणि कडीचा एक स्टीलचा डबा होता, साधारण दोन किलो रवा मावेल एवढा. डबा त्यांनी भिंतीवर ठेवला आणि झाकण उघडून बाजूला लावलं. बोरुडे सरांनी, त्रास होतो का, असं विचारलं. मुलाच्या वेळी विचारायचं राहून गेलं होतं म्हणाले.

"दुखत नाही," तांबोळी म्हणाल्या. "थोडा वेळ कानात दडे बसल्यासारखं वाटतं."

इंद्राबाई पलीकडून आल्या. डोक्यावर पांढरी ओढणी होती. तांबोळींनी औताड्यांकडून त्यांच्या उत्तराची मराठी प्रत आधीच लिहून घेतली होती, त्यामुळे ते काय बोलणार ते आम्हाला ठाऊक होतं. औताड्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सिंधीत बोलले.

"भाभी, भिंत तुमच्याच जागेत आहे. नऊ इंच. मी स्वतः मोजली होती. पहिल्या आठवड्यापासून मला माहीत होतं. लेखराजला सांगायचं राहिलं."

एवढं बोलून ते हात सोडून उभे राहिले. तांबोळींनी घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि डब्याच्या झाकणाला हात घातला. प्रमिलाबाई दारातून आत निघून गेल्या. त्यांना ते बघवत नव्हतं.

इंद्राबाईंनी ओढणी मागे टाकली आणि बोलायला लागल्या. आधी हळू, मग चढ्या आवाजात, मग भिंतीवर तळहात आपटत. समोरच्या माडीवरची माणसं कठड्याशी आली. बोरुडे सर दोन पावलं मागे सरकले. मधे एकदा इंद्राबाई थांबल्या, खाकरल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

"काका," तांबोळी म्हणाल्या, "त्या काय म्हणतायत? भाषा गेली असेल तर 'कळले नाही' असं लिहावं लागेल मला."

औताड्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी इंद्राबाईंवरची नजर काढली नाही.

"म्हणतायत, गेलेल्या माणसाला खोटं पाडायला जीभ कशी वळते तुमची? ते जाताना म्हणाले भिंत औताड्याच्या जागेत, म्हणजे ती तुमच्याच जागेत. तुमचे नऊ इंच आमच्या गळ्यात घालू नका." मग ते म्हणाले, "पुढचं पंचनाम्यात लिहिता यायचं नाही."

तांबोळींनी डब्यात डोकावून पाहिलं. डबा रिकामा होता. "ह्याला उत्तर आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे की," औताडे म्हणाले, आणि भिंतीकडे निघाले.

तांबोळींनी झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि लिहिलं: 'उत्तर दिले. वारसास मान्य नाही. भाषा अर्जदाराकडे आढळली. कारण वारसाच्या नावे वर्ग.' बोरुडे सरांनी सही केली, मग मी केली. वारसाची सही लागते म्हणून आम्ही भिंतीशी गेलो, पण तिथे कुणाला आमच्याकडे बघायला सवड नव्हती. औताडे भिंतीवर मूठ आपटत, भिंत तुमचीच आहे असं सिंधीत ओरडत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इंद्राबाईंना ते दिसत होतं. त्यांनी आवाज खाली आणला नाही.